कॉइल चालत नसेल, तर आधी प्लग काढा

नागपूरच्या आई-बाबांनो, आजी-आजोबांनो, काका-मामांनो,

परीक्षा संपल्या. विदर्भातल्या शाळा आता थेट जूनच्या शेवटी उघडणार. बाहेर ऊन असं की दुपारी पोरांना दाराबाहेर सोडवत नाही. पोरं घरात, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर एक व्हिडिओ. पाइपावर गुंडाळलेली तांब्याची तार, म्हणजेच कॉइल, तिच्या टोकावर जांभळी ठिणगी, आणि कुठेही न जोडता नुसती जवळ धरताच पेटणारी ट्यूबलाइट. हे पाहिलं की कुठल्याही हुशार पोट्ट्याचे हात शिवशिवतात. शिवशिवायलाच हवेत. त्या ओढीतूनच उद्याचे इंजिनीअर आणि शास्त्रज्ञ घडतात.

म्हणूनच तुम्हाला एक विनंती करतो, आणि ती आजच्या आज ऐका. मुलगा असो की मुलगी, ती जिथे खुडबुड करत बसते तिथे एकदा जा. टेबल, पलंगाखालचा खोका, जिन्याखालचा कोपरा, गच्चीवरची खोली, सगळं डोळ्यांनी बघा. ओरडू नका. "हे काय करतेस? मला दाखव ना," एवढंच म्हणा. ती भरभरून सांगेल. मग शांतपणे एकच प्रश्न विचारा: "याला वीज कुठून देतेस?"

उत्तर "९ व्होल्टच्या बॅटरीवरून" असं आलं, तर शेजारी बसा आणि कौतुक करा. उत्तर "बोर्डावरून", "मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरवरून", "जुन्या टीव्हीच्या ईएचटी ट्रान्सफॉर्मरवरून" असं आलं, तर बोलत बसू नका. उठा आणि प्लग काढा. आधी प्लग, मग बाकीचं.

आता मला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते ते सांगतो. विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून फिरताना ते पुन्हा पुन्हा ध्यानात आलं आहे. ठिणगी नीट पडत असते तेव्हा मूल सहसा लांब उभं असतं. त्याला ती बघायची असते आणि दाखवायची असते. धोका असतो तो कॉइल चालत नाही तेव्हा. जोडणी झाली, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. मूल आधी हिरमुसतं, मग चिडतं. उद्या मित्र बघायला येणार असतात. मग ते वाकून बघतं, तार हलवतं, स्क्रू दाबतं, एक टोक सोडून दुसरीकडे लावतं, आणि हे सगळं बटण चालूच ठेवून करतं. ठिणगी पडत नाही म्हणजे वीज नाही, असं त्याला वाटतं. वीज मात्र तिथेच असते. सुटलेलं टोक जागेवर टेकलं की ती वाट काढते, आणि ते टोक टेकवणारा हात तिच्या वाटेत असतो.

दुसरी चूक याहून वाईट. कॉइल चालत नाही, म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय, असा समज. बॅटरी काढून ॲडॅप्टर, ॲडॅप्टर काढून थेट घरातली वीज, आणि तेवढ्यानेही जमलं नाही तर कबाडीवाल्याकडून मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर. एकेक पायरी चढताना मुलाला वाटतं आपण उत्तराच्या जवळ चाललो. खरं तर मूळ चूक बहुतेक वेळा अगदी बारकी असते आणि व्होल्टेजशी तिचा काही संबंध नसतो. ही चूक शोधायला तुम्ही मुलाला मदत करू शकता. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या आईलाही ते जमतं, कारण बहुतेक ठिकाणी लागते ती फक्त नजर आणि सबुरी.

नवशिक्यांची नेहमीची छोटी कॉइल घ्या. ९ व्होल्टची बॅटरी, २एन२२२२ नावाचा ट्रान्झिस्टर, २२ किलोओहमचा रेझिस्टर, पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर केसासारख्या बारीक तारेचे दोन-तीनशे वेढे, आणि त्यावरून जाड तारेचे दोन-तीन वेढे. चालली तर जवळ धरलेला छोटा सीएफएल मंद उजळतो. चालली नाही तर पहिलं काम बॅटरी काढून बाजूला ठेवायचं. मग बारीक तारेचं टोक उजेडात धरा. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणलेल्या तारेवर पारदर्शक लाखेसारखा थर असतो. तार तांब्यासारखी लखलखीत दिसते, पण त्या थरातून वीज जात नाही. काच पेपर घेऊन टोक हलक्या हाताने घासा. तांब्याचा फिकट गुलाबी रंग दिसला पाहिजे. बंद कॉइलचं कारण कितीदा तरी एवढंच असतं.

तरी चालली नाही, तर जाड तारेच्या वेढ्यांची दोन टोकं एकमेकांच्या जागी लावून बघा. वेढे उलट दिशेने बसले की हे सर्किट स्वतःला चालूच करू शकत नाही. त्यानंतर ट्रान्झिस्टरचे पाय तपासा. एकाच नंबरच्या प्लास्टिकच्या ट्रान्झिस्टरमध्ये काही कंपन्यांच्या पायांचा क्रम नेमका उलटा येतो. व्हिडिओतल्या मुलाची जोडणी बरोबर, तुमच्या मुलाची जोडणी हुबेहूब तशीच, आणि तरी सर्किट मुकं. दुकानातून आणलेल्या नगावरचा पूर्ण नंबर वाचा आणि त्याच नंबरचा तक्ता बघा. ट्रान्झिस्टर हाताला चटका देतोय? लगेच बॅटरी काढा, तो गार होऊ द्या आणि रेझिस्टरचे रंगपट्टे पुन्हा मोजा. बॅटरी जुनी आहे? नवी आणा. ही तपासणी तुम्ही मुलाच्या शेजारी बसून केलीत, तर सुट्टीतली एक दुपार सार्थकी लागेल. आणि प्रत्येक बदलाआधी बॅटरी काढायची ही सवय एकदा हाताला लागली, की ती त्याला जन्मभर पुरेल.

या छोट्या कॉइलच्या ठिणगीनेही बोटाला भाजतं. तिच्याजवळ मोबाइल ठेवू नका. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर ती घरात चालवूच नका. पण बॅटरीवरच्या या खेळात आणि बोर्डाच्या विजेत फार मोठी दरी आहे. ती दरी मुलाला दिसत नाही. तुम्हाला ती दिसली पाहिजे.

मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचं नीट ऐका. घरच्या २३० व्होल्टवर तो सुमारे २००० व्होल्ट देतो, आणि अर्धा अँपिअर, म्हणजे ५०० मिलिअँपिअर, सहज देतो. छातीतून ३० मिलिअँपिअर गेले तरी हृदयाचा ठोका विस्कटू शकतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली तार सोडता येत नाही. ओरडावंसं वाटतं, ओरडता येत नाही. अमेरिकेत याच ट्रान्सफॉर्मरने लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळायचा छंद पसरला. तीसहून अधिक माणसं त्यात गेली. तिथल्या लाकूड कारागिरांच्या संघटनेने, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने, आपल्या कार्यक्रमांत ही पद्धत बंदच केली. गेलेली बहुतेक मोठी माणसं होती. तुमच्या घरात तेरा-चौदा वर्षांचं लेकरू आहे.

तेव्हा मायक्रोवेव्ह बिघडला तर तो घरात पडू देऊ नका. मुलाला उघडायला देऊ नका. "भंगारच तर आहे, बघू दे त्याला," असं म्हणू नका. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. जुन्या डबा टीव्हीचंही तेच. रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि टीव्ही बंद केल्यावरही ट्यूबमध्ये तो काही काळ टिकतो. डास मारायची बॅटसुद्धा बटण सोडल्यावर चटका देते, हा अनुभव बहुतेकांना आहे. तिथे थोडक्यात निभावतं. इथे निभावेलच असं नाही.

"आमच्याकडे ईएलसीबी आहे, एमसीबी आहे, धक्का बसला तर आपोआप लाइन जाईल," असं म्हणत असाल तर कृपा करून तो भरवसा सोडा. एमसीबी तारा वाचवतो, माणसाला नाही. ईएलसीबी माणसाला वाचवतो, पण फक्त घरच्या २३० व्होल्टच्या बाजूला. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला बसलेला धक्का त्याला दिसतच नाही. मुलगा तारेला चिकटलेला असेल आणि बोर्डावरचा खटका जागचा हलणार नाही. काही पोरं वायरमनकडून ऐकून सिरीजमध्ये बल्ब लावतात आणि आता भीती नाही असं समजतात. १०० वॅटच्या बल्बमधून ४०० मिलिअँपिअरहून जास्त वीज जाते. त्या बल्बने फ्यूज वाचेल, लेकरू वाचणार नाही. आणि दोनशे-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर? तो हजारो व्होल्ट मोजण्यासाठी बनलेलाच नाही. त्याच्या पिना तिथे टेकवल्या तर मीटर हातातच फुटू शकतो.

त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नवतपा लागला की अंगाला शर्ट चिकटतो, तळहाताला घाम सुटतो. घराघरांत कूलर चालू. कूलरचं पाणी खाली झिरपतं, फरशी ओली, पोरगं अनवाणी, बसायला खाली टाकलेली चटई. ओल्या कातडीतून वीज किती सहज शिरते ते आपल्याला वेगळं सांगायला नको. कूलरच्या पाण्यात शॉक लागल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतोच. त्याच खोलीत, त्याच फरशीवर कुणी हजारो व्होल्टचं सर्किट मांडू नये. आज घरी गेलात की कूलरची बॉडी, अर्थिंग आणि प्लग एकदा तपासून घ्या. अर्थिंगची पिन तोडून दोन पिनांवर कूलर चालवत असाल, तर ते आजच बंद करा. हा विषय थोडा वेगळा वाटेल, पण एकाच खोलीत आणि एकाच मुलाच्या बाबतीत तो वेगळा राहत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात देशात बारा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्याने गेली.

सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानदारांनो, इतवारी-महालातल्या कबाडी भावांनो, मोटार वाइंडिंगवाल्या दादांनो, हे तुमच्यासाठीही आहे. शाळेच्या वयाचं पोरगं मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर, त्याचा कपॅसिटर नाहीतर टीव्हीचं ईएचटी मागायला आलं, तर देऊ नका. "घरच्या मोठ्या माणसाला घेऊन ये," एवढं सांगा. तुमचं दोनशे रुपयांचं गिऱ्हाईक जाईल. जाऊ द्या. तेच पोरगं ९ व्होल्टची बॅटरी, रेझिस्टर आणि वाइंडिंग वायर मागत असेल, तर मात्र थोडा वेळ द्या आणि टोक कसं घासायचं ते दाखवा. तुमच्या दुकानात उभं राहून शिकलेली मुलं या शहरात ढिगाने आहेत. टीव्ही-फ्रीज दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनो, तुमच्या हाताखाली पोरं येतात. ट्यूब उतरवायचं काम त्यांना एकट्याने देऊ नका. तुमच्या हातांना वर्षानुवर्षांची सवय आहे, त्यांच्या हातांना ती अजून नाही.

शिक्षकांनो, तुम्हाला हात जोडून विनंती. प्रदर्शनात मोठ्या ठिणगीला पहिला नंबर देऊ नका. मुलं व्हिडिओ बघतात तसंच बक्षिसं कुणाला मिळतात तेही बघतात. यंदा परीक्षण करताना प्रत्येक मुलाला विचारा, "तुझं सर्किट पहिल्यांदा चाललं नाही, तेव्हा तू काय केलंस?" ज्याने बॅटरी काढून, वहीत लिहून, एकेक गोष्ट तपासली त्याला गुण द्या. आपल्या शहराला हे नवं नाही. महापालिकेच्या शाळांतली मुलं अपूर्व विज्ञान मेळाव्यात घरातल्या साध्यासुध्या वस्तूंनी प्रयोग मांडतात आणि आलेल्या प्रत्येकाला ते समजावून सांगतात. तिथे गर्दी होते ती समजावणाऱ्या मुलांमुळे. व्होल्टेज किती हे तिथे कुणी विचारत नाही.

आणि ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे त्यांच्या मुख्याध्यापकांनो, सुट्टीत तिला कुलूप लावून ठेवू नका. आठवड्यातून दोन सकाळी उघडा, एका शिक्षकाला बसवा. ज्या मुलाला करून बघायचं आहे ते करणारच. त्याला जागा मिळाली नाही तर ते पलंगाखाली करेल. सी. व्ही. रामन १९१०च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. दिवसा ऑफिस, उरलेल्या वेळात भौतिकशास्त्र. कलकत्त्याला इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सची प्रयोगशाळा त्यांच्यासाठी उघडी होती, म्हणून त्यांचं काम उभं राहिलं. त्यांच्याच नावाचं विज्ञान केंद्र १९९२ पासून गांधीसागर तलावाजवळ आहे. मुलांना तिथे घेऊन जा. नुसतं फिरवून आणू नका, तिथल्या माणसांना प्रश्न विचारायला लावा.

व्हीएनआयटीच्या, पॉलिटेक्निकच्या, आयटीआयच्या, हिंगणा रोडवरच्या सगळ्या कॉलेजांच्या मुलामुलींनो, तुम्ही सुट्टीला घरी आलात की गल्लीतली पोरं तुमच्याकडे डोळे मोठे करून बघतात. हॉस्टेलवर केलेली जाळपोळ त्यांना रंगवून सांगू नका. त्यांच्यातल्या एखाद्याला जवळ बसवा. त्याची कॉइल तपासून द्या. तुमच्या एका रविवाराने एक घर वाचू शकतं.

आता थोडं तुझ्याशी, जो किंवा जी आईचा मोबाइल घेऊन हे वाचते आहे. तुझी कॉइल चालत नाही म्हणून तू कमी ठरत नाहीस. बंद पडलेलं सर्किट दुरुस्त करणं हेच खरं शिकणं, आणि त्याला वेळ लागतो. बोर्डाची वीज घेऊ नकोस. मायक्रोवेव्ह उघडू नकोस. टीव्ही उघडू नकोस. एकट्याने करू नकोस, रात्री जागून करू नकोस, ओल्या फरशीवर करू नकोस. काही चुकलं असेल, सर्किट जळलं असेल, घराचा फ्यूज उडाला असेल, तर लपवू नकोस. बाबांना सांग. ते दोन मिनिटं रागावतील. आणि बाबांनो, तुम्ही दोनच मिनिटं रागवा. मुलाने सांगायला भ्यावं इतकं रागावू नका. घाबरलेलं मूल पुढच्या वेळी दार आतून लावून घेतं, आणि आतून लावलेल्या दारामागे कुणाला काही झालं तर तुम्ही पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

तरीही काही घडलंच, तर काय करायचं ते आजच सगळ्यांना शिकवून ठेवा. आजीलाही, धाकट्या बहिणीलाही. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, कितीही जीव तुटला तरी. आधी मेन स्विच खाली. घरातला मेन स्विच नेमका कुठे आहे, तो कसा पडतो, हे प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. त्याच्यासमोर कपाट ठेवलं असेल तर आजच सरकवा. वीज गेल्याची खात्री झाली की मुलाला सपाट झोपवा, हाक मारा, श्वास बघा. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर एकाने १०८ वर फोन करायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांचे तळवे एकावर एक ठेवून दाबायला लागायचं. जोरात, सुमारे दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. कांदा हुंगवत, पाय चोळत बसू नका. आणि मूल लगेच उठून "मला काही झालं नाही" म्हणालं, तरी त्याला दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढायला सांगा. विजेची आतली इजा वरून दिसत नाही, आणि ठोक्याचा बिघाड काही वेळाने समोर येऊ शकतो.

धक्का विजेच्या खांबाचा, डीपीचा किंवा बाहेर तुटलेल्या तारेचा असेल, तर मात्र जवळ जाऊच नका. महावितरणला १९१२ वर फोन करा आणि लोकांना लांब ठेवा.

आज रात्रीचं जेवण झालं की टीव्ही लावायच्या आधी दहा मिनिटं काढा. मुलाला म्हणा, "चल, तुझं ते मशीन दाखव." बोर्डाला लागलेलं असेल तर प्लग काढा आणि तो ट्रान्सफॉर्मर तुमच्या कपाटात कुलूपबंद करा. माळ्यावर जुना मायक्रोवेव्ह किंवा डबा टीव्ही असेल, तर उद्याच ओळखीच्या मिस्त्रीला बोलवा, त्यातला कपॅसिटर त्याच्याकडूनच रिकामा करून घ्या आणि वस्तू घराबाहेर काढा. मग मुलाला सीताबर्डीला नेऊन एक नवी ९ व्होल्टची बॅटरी, काच पेपर आणि दोन ट्रान्झिस्टर घेऊन द्या. हे आवाहन तुमच्या सोसायटीच्या, शाळेच्या, भिशीच्या ग्रुपवर आज पाठवा. तुमच्या वरच्या मजल्यावर, शेजारच्या गल्लीत, मामाच्या घरी कुणाचं पोरगं काय करत बसलंय ते तुम्हाला माहीत नाही. त्याच्या आईला फोन करा. आत्ताच करा.